फळ खाल्लं, बी राहिली: विदेशी फळांची झाडं बियांपासून वाढवताना

पहिल्यांदा लिचीच्या बिया लावायच्या ठरवल्या, तेव्हा मी त्या स्वच्छ धुतल्या, पुसल्या आणि कागदावर आठ-दहा दिवस वाळत घातल्या. बी म्हटलं की आधी वाळवायची आणि मग पेरायची, एवढंच डोक्यात बसलेलं. चकचकीत तपकिरी बिया हळूहळू निस्तेज झाल्या, त्यांच्यावर सुरकुत्या पडल्या. लावल्यावर महिनाभर पाणी घातलं. शेवटी उकरून पाहिल्या तर आतून काळ्या पडल्या होत्या. त्याच दिवसांत ओल्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेली अ‍ॅव्होकाडोची बी मात्र मधोमध उकलली होती आणि फटीतून जाड, पांढरं मूळ बाहेर आलं होतं.

यात हातगुणाचा काही संबंध नव्हता. एक बी वाळली म्हणून मेली आणि दुसरी ओली राहिली म्हणून जगली. नवशिक्यांच्या बहुतेक बिया याच एका कारणाने वाया जातात, म्हणून माती-कुंडीच्या आधी हेच सांगते.

१. बी कोणत्या जातीची, ते ओळखा

इ. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने १९७३ साली बियांचे दोन गट सांगितले. पहिल्या गटाला ऑर्थोडॉक्स म्हणतात. या बिया वाळवता येतात आणि नीट ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. दुसरा गट रिकॅल्सिट्रंट. या बिया वाळल्या की मरतात. त्यातल्या उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच बियांना फ्रिजमधली थंडीही सोसत नाही. ही झाडं मुळात बारमाही दमट, उबदार जंगलातली. तिथे फळ खाली पडलं की बी काही दिवसांत रुजते. कोरड्या काळासाठी थांबून राहण्याची वेळ तिच्यावर कधी येतच नाही, त्यामुळे ती सोयही तिच्यात नसते.

दोन टोकं पाहा. मृत समुद्राजवळच्या मसाडा किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या होत्या. त्यातली एक २००५ साली रुजवली आणि तिचं झाड झालं. ‘मेथुसेला’ हे त्या झाडाचं नाव. उलट लिचीची बी फळातून काढून उघड्यावर ठेवली तर आठवडाभरही धड टिकत नाही.

ओल्या ठेवायच्या बिया: अ‍ॅव्होकाडो, लिची, लोंगन, रंबुतान, मँगोस्टीन, ड्युरियन, फणसाची आठळी, आंब्याची कोय. या फळातून निघाल्या की त्याच दिवशी रुजत घाला.

वाळल्या तरी चालणाऱ्या: खजूर, ड्रॅगनफ्रूट, किवी, रसभरी (कागदी आवरणातली ती नारिंगी गोल्डन बेरी), टॅमरिलो (झाडावर येणारा टोमॅटो), डाळिंब, पेरू.

पपई, पॅशनफ्रूट आणि संत्र्या-लिंबाच्या कुळातल्या बिया मधल्या आहेत. थोडं वाळणं त्या सोसतात, पण ताज्या लावल्या तर लवकर आणि जास्त संख्येने उगवतात. एखाद्या फळाबद्दल शंका असेल तर बी वाळवू नका. वाळण्याची सवय असलेली बीसुद्धा ताजी लावली म्हणून बिघडत नाही. उलटं मात्र चालत नाही.

२. फळ निवडताना

बी पक्व असेल तरच रुजते, म्हणून फळ पूर्ण पिकलेलं हवं. थोडं जास्त पिकलेलं असलं तर आणखी बरं. गोठवलेली, डबाबंद किंवा शिजवलेली फळं या कामाची नाहीत. सुक्या खजुराची बी सहसा रुजते, फक्त बी काढलेला खजूर आणू नका.

काही फळांवर दूर पाठवण्याआधी किडीच्या बंदोबस्तासाठी विकिरण, म्हणजे किरणांचा मारा, करतात. फळ खायला सुरक्षित असतं, पण बीमधला गर्भ निकामी झालेला असू शकतो. पाकिटावर तशी खूण असेल तर त्या फळाच्या बियांवर महिने घालवू नका. अंजिराच्या बाबतीतही फसगत होते. आतले बारीक दाणे दिसतात, पण परागण झालेलं नसेल तर त्यातून काहीही उगवत नाही. केळ्यात बी नसते, अननसात ती क्वचितच सापडते. अननस लावायचा तर वरचा पानांचा तुरा लावा, त्याला चांगली मुळं फुटतात.

लिची निवडताना एक गोष्ट बघा. काही वाणांत गर भरपूर असतो आणि बी चपटी, सुकलेली, जिभेसारखी असते. खायला ती लिची उत्तम, पण तशी बी रुजत नाही. टपोरी, जड बी हवी. मँगोस्टीनच्या एका फळात एखाद-दुसरीच बी भरलेली असते. त्यातली सगळ्यात मोठी घ्या, कारण लहान बियांची रोपं बहुधा तग धरत नाहीत.

आणि प्रवासात खाल्लेल्या एखाद्या फळाची बी खिशात घालून सीमेपार नेऊ नका. झाडांचे रोग आणि किडी अशाच पसरतात, आणि बहुतेक देशांत त्याबद्दल कडक नियम आहेत. जे फळ तुमच्याकडे विकायला येतं त्याच्याच बिया वापरा.

३. झाड येईल, पण तेच फळ येईल का?

हा प्रश्न सुरुवातीलाच स्वतःला विचारा, नाहीतर सात वर्षांनी वाईट वाटेल.

विकत मिळणारी बहुतेक फळं कलमी झाडांची असतात. त्यांच्या बीमध्ये मात्र आई आणि बाप अशा दोन्ही झाडांचे गुण मिसळतात, त्यामुळे रोप आईसारखं असेलच असं नाही. अ‍ॅव्होकाडो याचं सगळ्यात ठळक उदाहरण. आज जगभर विकला जाणारा हास अ‍ॅव्होकाडो बीपासून आलेल्या एका रोपातूनच निघाला. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास या पोस्टमनने १९२६ साली ती बी लावली. त्या रोपावर दुसऱ्या वाणाचं कलम करायचं होतं, पण ते कलम जगेना, म्हणून रोप तसंच वाढू दिलं. त्याची फळं इतकी सरस निघाली की १९३५ साली त्याने त्या वाणाचं पेटंट घेतलं. ते मूळ झाड २००२ साली गेलं. पण हे एक रोप चांगलं निघालं म्हणून प्रत्येक रोप तसं निघत नाही. बहुतेकांची फळं लहान, रेषाळ किंवा मोठ्या बीची असतात.

अपवादही आहेत. मँगोस्टीनची बी परागणाशिवाय तयार होते, त्यामुळे रोप हुबेहूब आईसारखं येतं. बऱ्याच संत्र्यांच्या आणि लिंबांच्या एकाच बीतून दोन-तीन कोंब निघतात. त्यातले एखाद-दुसरे सोडले तर बाकीचे आईच्याच वळणाचे असतात. पोमेलोला, म्हणजे पपनसाला, मात्र हे लागू नाही, त्याच्या बीतून एकच आणि मिश्र गुणांचं रोप येतं.

किवी आणि खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. पपईतही बहुधा तसंच असतं, काही वाणांत मात्र दोन्ही एकाच फुलात येतात. फुलं येईपर्यंत रोप नर की मादी हे कळत नाही. म्हणून या तिघांची एकेक नव्हे, निदान पाच-सहा रोपं ठेवा. पिवळ्या पॅशनफ्रूटलाही फळ धरायला सहसा दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. जांभळ्याचं बहुधा एका वेलीवर भागतं.

वाट किती पाहायची? रसभरी पाच-सहा महिन्यांत फळ देते. पपई साधारण वर्षभरात, पॅशनफ्रूट एक ते दोन वर्षांत. ड्रॅगनफ्रूटला बीपासून बरीच वर्षं लागतात, फांदी लावली तर दीड-दोन वर्षांतही फळ येतं. अ‍ॅव्होकाडोला पाच ते दहा वर्षं किंवा त्याहून जास्त. लिची आणि मँगोस्टीनला तर दहा वर्षांची तयारी ठेवा. तुम्ही अगदी नवे असाल तर माझं म्हणणं असं: रसभरी आणि पॅशनफ्रूटने सुरुवात करा, सोबत अ‍ॅव्होकाडोची एक बी लावा. पहिल्या दोघींमुळे उत्साह टिकतो आणि अ‍ॅव्होकाडो रोज बघत राहण्यासारखा असतो.

४. काय काय जमवायचं

- बारीक जाळीची गाळणी आणि जुना खरखरीत कपडा
- टिशू पेपर, झाकणाचा पारदर्शक डबा किंवा झिपची पिशवी
- तळाला भोकं असलेले छोटे पेले किंवा कुंड्या. अ‍ॅव्होकाडो, आंबा आणि खजुरासाठी अरुंद पण खोल
- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू, निम्मं-निम्मं
- बारीक तुषार उडवणारी फवाऱ्याची बाटली
- चिमटा आणि धारदार, स्वच्छ चाकू
- नावाच्या पट्ट्या आणि पेन्सिल (पेनाची शाई पाण्याने जाते)

बी रुजवायला खत घातलेली माती घेऊ नका. बी आपली शिदोरी घेऊन आलेली असते. पहिली खरी पानं येईपर्यंत तिला खत लागत नाही, आणि जास्त खतात कोवळी मुळं जळतात.

५. गर पूर्ण काढा

हे काम कंटाळवाणं आहे, आणि घाईत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. राहिलेला गर दोन दिवसांत आंबतो, त्यावर बुरशी चढते आणि ती बीत शिरते.

पपईच्या प्रत्येक बीभोवती पाण्याने भरलेली पातळ पिशवी असते. ती उगवण रोखते. बिया गाळणीत घेऊन बोटांनी दाबून ती पिशवी फोडा आणि वाहत्या पाण्यात धुवा. हात लावल्यावर बी बुळबुळीत न लागता खरखरीत लागली की काम झालं. पॅशनफ्रूटचा गर चिवट असतो. बिया थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवल्या की गर सैल होतो, मग कपड्यावर चोळा.

ड्रॅगनफ्रूटच्या बिया तिळापेक्षा बारीक. गराचा चमचाभर गोळा कपड्यात बांधून पाण्याखाली चोळला तर गर निघून जातो आणि काळे दाणे कपड्यावर राहतात. तरी प्रत्येक दाण्याभोवती चिकट पापुद्रा उरतोच. दाणे टिशू पेपरवर पसरून अर्धा तास ठेवा आणि कोरड्या बोटाने फिरवा, म्हणजे तो कागदाला चिकटून सुटतो.

आंब्याची कोय बाहेरून कठीण असते. कडेने कात्रीने किंवा चाकूने जपून उघडा आणि आतली पांढरट बी काढा. अ‍ॅव्होकाडोच्या बीवरचं तपकिरी साल नखाने सोलून काढलं तर रुजण्याचा वेळ कमी होतो. आतला भाग मात्र खरवडू नका.

६. रुजत घालणं

बहुतेक विदेशी फळांना २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. गार फरशीवर ठेवलेली कुंडी आणि उबदार कपाटावर ठेवलेली कुंडी यांत उगवणीचा कितीतरी आठवड्यांचा फरक पडतो. रुजेपर्यंत उजेड बहुतेकांना लागत नाही, ऊब लागते.

*मोठ्या बिया.* मी या सगळ्या ओल्या टिशू पेपरमध्ये रुजवते. कागद भिजवून घट्ट पिळायचा. दाबल्यावर थेंब पडला तर तो जास्त ओला आहे. त्यात बी गुंडाळायची, पिशवीत घालायची, थोडी हवा राहू द्यायची आणि दर तीन-चार दिवसांनी उघडून बघायची. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की कुंडीत लावायची.

अ‍ॅव्होकाडोला टूथपिक टोचून पाण्याच्या पेल्यावर ठेवण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. तीही चालते. चपटी बाजू खाली, निमुळती वर, खालचा तिसरा हिस्सा पाण्यात, आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. पण पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ होतात आणि मातीत लावताना तुटतात, म्हणून मी ती सोडून दिली. रुजायला दोन ते आठ आठवडे लागतात. आधी बी तळापासून वर उभी चिरते. ही चीर पाहून बरेच जण बी खराब झाली म्हणून फेकून देतात. फेकू नका. दोन्ही पाकळ्या अलग झाल्यावर त्यांच्या मधून मूळ उतरतं आणि कोंब त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वर येतो.

*बारीक बिया.* ओल्या मिश्रणावर नुसत्या पसरा, वरून चिमूटभर कोरडं कोकोपीट भुरभुरवा आणि झाकण ठेवा. या बिया उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. ड्रॅगनफ्रूट एक-दोन आठवड्यांत उगवतो. आधी दोन जाड, गुळगुळीत हिरवी पानं येतात. त्यांच्या बेचक्यातून पुढे मुगाएवढा काटेरी कोंब निघतो, आणि तो दिसला की हे निवडुंगाच्या कुळातलं झाड आहे हे पटतं. रसभरीला साधारण दोन आठवडे लागतात.

*किवी.* ही समशीतोष्ण भागातली वेल, आणि तिच्या बीला हिवाळा सरून गेल्याची खूण लागते. बिया ओल्या टिशूत गुंडाळून, पिशवीत घालून, फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास चार ते सहा आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नको. मग बाहेर काढून उबेत पेरा. फळ आधीच शीतगृहात राहिलेलं असेल तर काही बिया याशिवायही उगवतात. पण तुमच्याकडे हिवाळ्यात चांगली थंडी पडत नसेल तर किवीची वेल वाढली तरी फुलं येणं अवघड आहे.

*पॅशनफ्रूट.* ताजी बी दोन ते चार आठवड्यांत उगवते. जुनी बी महिने लावते. अंगणात कृष्णकमळ वाढवलेल्यांना ही वेल अनोळखी वाटणार नाही, ती त्याच कुळातली आहे.

पेरल्या दिवशीच पट्टीवर फळाचं नाव आणि तारीख लिहा. महिन्याभराने काही उगवलं नाही तर एकच बी उकरून दाबून पाहा. टणक असेल तर थांबा, मऊ होऊन वास येत असेल तर सगळ्या काढून टाका.

७. पहिला महिना: रोपं कोलमडतात तेव्हा

संध्याकाळी टवटवीत दिसणारी रोपं सकाळी आडवी पडलेली दिसतात. जवळून पाहिलं तर देठ अगदी मातीलगत चिमटा काढल्यासारखं बारीक आणि तपकिरी झालेलं असतं. ही रोपमर. बुरशीने होते आणि एकदा लागली की ते रोप वाचत नाही. मी ड्रॅगनफ्रूटची साठेक रोपं दोन रात्रींत अशी गमावली आहेत. झाकण न उघडता आठवडाभर ठेवलं, एवढंच कारण होतं.

रोपमर बरी करता येत नाही, टाळता येते. मिश्रण नवीन घ्या, भांडी साबणाने धुवा. बिया उगवायला लागल्या की झाकण रोज थोडा वेळ काढा आणि आठवड्याभरात कायमचं काढून टाका. पाणी वरून ओतण्याऐवजी कुंडी पाण्याच्या ताटलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग निथळू द्या. वरचा थर कोरडा दिसल्याशिवाय पुन्हा पाणी नको. एखादं रोप पडलं तर ते आजूबाजूच्या मातीसकट काढा आणि बाकीची लगेच वेगळी करा.

८. कुंडी, ऊन, पाणी

कुंडी एकदम मोठी देऊ नका. छोट्या रोपाभोवती खूप माती असली की पाणी शोषलं जात नाही आणि मुळं कुजतात. मुळं तळाच्या भोकातून डोकावली की दोन बोटं मोठी कुंडी द्या. पपई आणि मँगोस्टीनची मुळं हलवलेली खपत नाहीत, त्यांना मातीच्या गोळ्यासकट उचला.

खिडकीत वाढलेलं रोप थेट उन्हात ठेवलं तर पानं एका दुपारीत पांढरी पडतात. पहिले काही दिवस सकाळचा अर्धा तास, मग एकेक तास वाढवत दोन आठवड्यांत सरावू द्या. लिची, रंबुतान आणि मँगोस्टीनला पहिलं वर्ष-दीड वर्ष झिरपतं ऊनच बरं.

अ‍ॅव्होकाडोच्या पानांची टोकं तपकिरी, कुरकुरीत झाली तर बहुधा पाण्यातल्या किंवा खतातल्या क्षारांचा परिणाम असतो. खत थांबवा, आणि कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहील असं एकदा दोनदा पाणी द्या. रोप फूटभर उंच झालं की निम्म्यावर छाटा. जीवावर येतं, पण त्याशिवाय ते एकाच काठीसारखं वर जात राहतं.

घरात पक्षी, ससे किंवा शेळ्या असतील तर अ‍ॅव्होकाडोची पानं त्यांच्या तोंडी लागू देऊ नका. त्यातलं पर्सिन नावाचं द्रव्य त्यांना विषारी आहे. रसभरीचं कच्चं, हिरवं फळही खाऊ नका. आवरण वाळून फळ आपोआप गळलं की ते तयार.

९. फळ हवंच असेल तर कलम

अ‍ॅव्होकाडो, आंबा, लिंबूवर्गीय झाडं यांचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर चांगल्या फळाच्या झाडाची फांदी बांधता येते. फळ त्या फांदीच्या वाणाचं येतं आणि प्रतीक्षाही काही वर्षांनी कमी होते. किवीच्या मादी वेलीवर नर वेलीची एक फांदी कलम केली तर दोन वेलींची जागा वाचते.

सोपी पद्धत पाचर कलमाची. खुंट, म्हणजे खालचं रोप, आडवा कापून मधोमध दोन बोटं खोल चीर द्या. फांदीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करा आणि चिरेत बसवा. सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तरी खुंटाच्या हिरव्या थराला भिडलाच पाहिजे, कलम तिथेच जुळतं. कलमपट्टीने घट्ट बांधा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. फांदीवरचे डोळे फुगायला लागले की पिशवीला आधी एक छिद्र पाडा, मग ती काढा. पट्टी मात्र जोड पक्का होईपर्यंत राहू द्या, आणि जोडाच्या खालून खुंटाला फुटणारा प्रत्येक कोंब दिसताक्षणी खुडा. तो जोमाने वाढतो आणि वरच्या फांदीची उपासमार करतो.